काजूच्या बॉयलरजवळचे संशोधन आणि प्राप्तिकराचे कलम ३५

मार्च ते मे या दिवसांत चंदगड तालुक्यात काजू बी बाजारात येते. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका. एका अंगाला बेळगाव, दुसऱ्या अंगाला सह्याद्री उतरला की सिंधुदुर्ग आणि गोवा. ऊस, भात, नाचणी, रताळी ही इथली जुनी पिके; काजूने मात्र तालुक्याला कारखानदारी दिली. कुठे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कुठे औद्योगिक वसाहतीच्या प्लॉटवर, पाच-दहा ते चाळीस-पन्नास माणसांना काम देणारे छोटे प्रक्रिया कारखाने चालतात. कामगारांत बहुसंख्य बायका.

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम साधे वाटते. बी उन्हात वाळवायचे, बॉयलरच्या वाफेवर शिजवायचे, गार करून कटरवर फोडायचे, गर बोर्म्यात म्हणजे गरम हवेच्या कपाटात वाळवायचा, साल काढायची आणि प्रतवारी करून डबे भरायचे. पण यातल्या प्रत्येक पायरीवर पैसा मिळतो किंवा बुडतो. वाफ कमी पडली तर टरफल चिवट राहते आणि गर फुटतो. जास्त झाली तर टरफलातले झोंबणारे तेल गरापर्यंत झिरपते आणि गर डागाळतो. बोर्म्यात ओल राहिली तर साल सुटत नाही. फार वाळला तर हात लागताच पाकळ्या होतात. एका पौंडात साधारण १८० गर बसतील अशा मोठ्या, अखंड काजूला ‘डब्ल्यू-१८०’ म्हणतात, ३२० बसतील त्याला ‘डब्ल्यू-३२०’. अखंड गर, पाकळी आणि तुकडा यांच्या भावात मोठी दरी असते. त्यामुळे शंभर किलो बियांतून किती गर निघाला हा उतारा, आणि त्यातला अखंड किती, या दोन आकड्यांवर कारखान्याचे वर्ष ठरते.

म्हणून इथे प्रयोग चालूच असतात. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या जातींचे टपोरे बी आले की वाफेची वेळ बदलावी लागते. आफ्रिकेतून आयात झालेले बी वेगळ्या आकाराचे आणि वेगळ्या ओलाव्याचे. त्याला गावठी बियांचा हिशोब लागू पडत नाही. कटरच्या पात्याचा कोन बदलला जातो, बोर्म्याच्या ट्रेमध्ये हवा सारखी फिरावी म्हणून पंख्याची जागा हलवली जाते, टरफल जाळून बॉयलर चालवताना होणारा धूर कमी करण्याचे उपाय शोधले जातात. यातले काही फसते, काही साधते.

प्राप्तिकर कायद्याच्या भाषेत यातल्या काही प्रयोगांना ‘वैज्ञानिक संशोधन’ म्हणता येते आणि त्यावरच्या खर्चाला सवलत मिळू शकते. पण ही सवलत घेणारा काजू कारखानदार शोधायला गेले तर वणवण करावी लागेल. त्याची कारणे दोन आहेत. प्रयोगांची नोंद कारखान्यात ठेवली जात नाही, हे एक. दुसरे कारण जास्त गंभीर आहे: सवलतीची रचनाच अशी झाली आहे, की ती छोट्या उद्योगापर्यंत पोहोचता पोहोचता आटते.

सुरुवात कायद्यापासून करावी. १९२२च्या जुन्या प्राप्तिकर कायद्यात दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, वैज्ञानिक संशोधनाच्या खर्चाला वजावट देणारी तरतूद आली. १९६१च्या कायद्यात ती कलम ३५ म्हणून स्थिरावली. १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या प्राप्तिकर कायदा, २०२५मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण संशोधनखर्चाची वजावट कायम आहे. पिढ्यान्‌पिढ्या सीए मंडळींच्या तोंडी ‘थर्टी-फाइव्ह’च बसले असल्याने इथेही जुनेच क्रमांक वापरले आहेत.

संशोधन कशाला म्हणावे, याची व्याख्या १९६१च्या कायद्यात बरीच उदार होती. नैसर्गिक किंवा उपयोजित विज्ञानातील ज्ञान वाढवणारे कोणतेही काम, आणि त्यात शेती, पशुपालन व मत्स्यव्यवसायही धरलेले. प्रयोगशाळेचा पांढरा कोट, पीएचडी, परदेशी यंत्र यांपैकी कशाचीही अट व्याख्येत नाही. धंद्याशी संबंधित संशोधनात, ज्यामुळे तो धंदा वाढू शकेल किंवा वाढायला मदत होईल असे संशोधनही येते. त्या उद्योगातल्या कामगारांच्या कल्याणाशी विशेष संबंध असलेले वैद्यकीय संशोधनदेखील येते. काजूच्या तेलाने कामगार बायकांच्या हातांची कातडी जळते आणि काळी पडते; त्यावर सुरक्षित लेप किंवा हातमोजे शोधण्याचे शास्त्रीय काम या व्याख्येच्या आत बसवण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे. दुसऱ्याने केलेल्या संशोधनाचे हक्क विकत घेण्याचा खर्च हा संशोधनाचा खर्च नव्हे. पेटंटचा परवाना विकत घेतला तर त्याचा हिशोब वेगळ्या कलमाखाली होतो.

वजावटीचे मुख्य प्रकार समजून घ्यायला सोपे आहेत. स्वतःच्या धंद्याशी संबंधित संशोधनावर झालेला चालू खर्च, म्हणजे पगार, कच्चा माल, वीज, चाचण्यांची फी, पूर्ण वजा होतो. संशोधनासाठी घेतलेल्या यंत्रसामग्रीचा भांडवली खर्चही, जमीन सोडून, त्याच वर्षी पूर्ण वजा होतो. धंदा सुरू होण्याआधीच्या तीन वर्षांत संशोधन झाले असेल, तर त्यावरचा भांडवली खर्च आणि, विहित प्राधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राने, पगार व साहित्याचा खर्च धंदा सुरू झालेल्या वर्षी धरता येतो. याखेरीज मान्यताप्राप्त संशोधन संस्थांना, विद्यापीठांना आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांना दिलेल्या रकमांसाठी वेगळी पोटकलमे आहेत.

इथे वजावट आणि कर-क्रेडिट यांतला फरक लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. समजा, चंदगडच्या एका भागीदारी संस्थेने प्रयोगांवर १० लाख रुपये खर्च केले. भागीदारी संस्थेला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के पडतात. वजावटीमुळे करपात्र उत्पन्न १० लाखांनी घटते आणि कर ३ लाख १२ हजारांनी. क्रेडिटची पद्धत वेगळी असते. तिथे खर्चाचा ठरावीक हिस्सा थेट करातून कापला जातो. काही देशांत कर शून्य असला तरी ती रक्कम सरकार रोख परत करते. तोट्यातल्या किंवा नुकत्याच सुरू झालेल्या उद्योगाला वजावट मिळून हातात त्या वर्षी काहीच पडत नाही. परत मिळणारे क्रेडिट मात्र त्याच वर्षी पगार भागवू शकते.

शिवाय पगार, कच्चा माल, वीज हे खर्च संशोधनाचे नसले, तरी धंद्याचे म्हणून एरवीही पूर्ण वजा होतातच. मग संशोधनाला वेगळे काय मिळाले?

याचे उत्तर एके काळी ‘भारित वजावट’ हे होते. १९९७च्या वित्त कायद्याने कलम ३५मध्ये ‘२एबी’ हे पोटकलम आले. कंपनीने स्वतःच्या संशोधन विभागावर १०० रुपये खर्च केले, तर १२५ रुपये वजा करता येऊ लागले. सुरुवातीला ही सोय औषधे, इलेक्ट्रॉनिक्स, रसायने अशा मोजक्या क्षेत्रांपुरती होती. पुढे दर १५० टक्क्यांवर गेला. २००९ साली, अकराव्या परिशिष्टातल्या वस्तू वगळून, जवळपास सर्व उत्पादक कंपन्यांना ती खुली झाली. २०१०च्या अर्थसंकल्पाने दर २०० टक्के केला. म्हणजे १० लाख खर्च, २० लाख वजा. ३० टक्के कर भरणाऱ्या कंपनीला उपकर सोडून ६ लाख वाचत. संशोधनाचा निम्म्याहून अधिक भार सरकार उचलत होते.

त्यानंतर उतरण लागली. कंपनीकराचा दर खाली आणायचा आणि त्याबदल्यात सवलती मोडीत काढायच्या, असे धोरण २०१६च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. १ एप्रिल २०१७पासून २०० टक्क्यांचे १५० झाले आणि १ एप्रिल २०२०पासून १०० टक्के. आज संशोधनावरच्या चालू खर्चाला मिळणारी वजावट ही इतर कोणत्याही धंद्याच्या खर्चाइतकीच आहे.

भारित वजावट शिखरावर असतानाही चंदगडच्या कारखान्याला तिचा उपयोग मर्यादितच होता. ‘२एबी’ची वजावट फक्त कंपन्यांना होती; मालकी आणि भागीदारीतले उद्योग दाराबाहेर. त्यातही संशोधन विभागाला केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची, म्हणजे दिल्लीच्या ‘डीएसआयआर’ची मान्यता हवी, त्या विभागाचे हिशोब स्वतंत्र हवेत, त्यांची तपासणी व्हायला हवी. पुण्यातल्या औषध किंवा वाहन कंपनीला हे जमते, कारण तिच्याकडे त्यासाठीच माणसे असतात. जिथे मालकच खरेदी, विक्री, बँक आणि बॉयलर सांभाळतो, तिथे तेवढा वेळ कोण काढणार? अकराव्या परिशिष्टाचाही एक गमतीचा भाग असा, की त्यात मद्यार्क पेये होती. काजूचे बोंड एक-दोन दिवसांत नासते आणि बागांत त्याचे सडे पडतात. शेजारच्या गोव्यात त्यापासून फेणी होते. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. बोंडाच्या रसातला तुरटपणा काढून त्याचे सरबत किंवा जॅम करण्यावर कंपनीने संशोधन केले, तर भारित वजावटीचा मार्ग मोकळा होता; त्याच बोंडाच्या मद्यावर केले, तर बंद.

आता सध्याच्या नियमांत छोटा उद्योजक कुठे अडखळतो ते पाहू. पहिली अडचण आहे अनुमानित कराची. कलम ४४एडीखाली वर्षाला २ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला (रोखीची आवक ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ३ कोटींपर्यंत) मालक किंवा भागीदारी संस्था, उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, इतका नफा धरून कर भरू शकते. हिशोबाच्या वह्यांची कटकट टळते म्हणून ही पद्धत लोकप्रिय आहे. पण ती घेतली की कलम ३० ते ३८मधल्या सर्व वजावटी त्यातच मिळाल्या असे कायदा मानतो. कलम ३५ त्याच पट्ट्यात येते. म्हणजे अनुमानित कर भरणाऱ्याने प्रयोगांवर कितीही खर्च केला, तरी करात एक रुपयाचा फरक पडत नाही.

दुसरी अडचण गैरसमजाची. नव्या करप्रणालीत सगळ्या सवलती गेल्या, असे सरसकट बोलले जाते. ते पूर्ण खरे नाही. २२ टक्क्यांचा दर निवडणाऱ्या कंपनीला संस्थांना दिलेल्या देणग्यांची वजावट आणि ‘२एबी’ सोडून द्यावे लागते. व्यक्तींच्या नव्या प्रणालीतही बाहेरच्या संस्थांना दिलेल्या रकमांच्या वजावटी गेल्या. पण स्वतःच्या धंद्यातल्या स्वतःच्या संशोधनावरचा चालू आणि भांडवली खर्च दोन्हीकडे शाबूत आहे. चंदगडच्या मालकाच्या कामाची तरतूद नेमकी हीच.

तिचा खरा फायदा यंत्रसामग्रीत दिसतो. समजा, त्याच भागीदारी संस्थेने वर्षाच्या सुरुवातीला आर्द्रता मोजणारी उपकरणे, छोटा प्रायोगिक बॉयलर आणि तापमान नोंदवणारा बोर्मा यांवर ८ लाख रुपये घातले, आणि ही सगळी सामग्री फक्त प्रयोगांसाठी ठेवली. साध्या हिशोबात पहिल्या वर्षी १५ टक्के घसारा आणि उत्पादक उद्योगाला मिळणारा २० टक्के अतिरिक्त घसारा धरून २ लाख ८० हजार वजा होतील. संशोधनाची सामग्री म्हणून दाखवली तर पूर्ण ८ लाख. फरक ५ लाख २० हजारांचा, ३१.२ टक्क्यांनी पहिल्या वर्षी १ लाख ६२ हजार २४० रुपये कर कमी. उरलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळालाच असता, त्यामुळे ही कायमची बचत नव्हे, कर पुढे ढकलणे आहे. पण बी खरेदीच्या हंगामात व्यापाऱ्याला रोख मोजावी लागणाऱ्या आणि बँकेचे व्याज भरणाऱ्या कारखान्याला पहिल्याच वर्षी हातात राहिलेले दीड लाख मोलाचे असतात. नफा कमी पडला, तर न वापरलेली भांडवली वजावट घसाऱ्याप्रमाणे पुढे नेता येते. अर्थात एकाच यंत्रावर संशोधनाची वजावट आणि घसारा, दोन्ही घेता येत नाहीत. ते यंत्र पुढे विकले, तर मिळालेल्या रकमेवर कर लागू शकतो.

तेव्हा कोणते काम संशोधन आणि कोणते नाही, ही रेषा ओळखता आली पाहिजे. जगभर यासाठी एका दस्तऐवजाचा आधार घेतला जातो. इटलीतल्या फ्रास्काती गावी १९६३ साली आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या तज्ज्ञांनी संशोधन मोजण्याची पद्धत ठरवली. २०१५च्या आवृत्तीत तिच्या पाच कसोट्या आहेत. काम नवे हवे, कल्पक हवे, त्याचा निकाल आधी अनिश्चित हवा, ते पद्धतशीर हवे आणि दुसऱ्याला ते पुन्हा करून पाहता आले पाहिजे. भारतीय कायद्यात या कसोट्या शब्दशः नाहीत, पण ज्ञान वाढवण्याची अट तपासताना त्या कामी येतात.

काजूच्या कारखान्यावर त्या लावून पाहाव्यात. बाजारात तयार मिळणारे कलर सॉर्टर आणून बसवले: हे आधुनिकीकरण, संशोधन नव्हे. रोजच्या मालाची ओल मोजली: गुणनियंत्रण. डब्याचे लेबल बदलले, पुण्या-मुंबईच्या दुकानांत मागणीची चौकशी केली: विपणन. पण एका विशिष्ट जातीच्या बियांसाठी वाफेचा दाब आणि वेळ यांच्या बारा वेगवेगळ्या जोड्या ठरवल्या, प्रत्येकीसाठी सारख्याच ओलाव्याचे, सारख्याच वजनाचे बी घेतले, अखंड गराचे प्रमाण आणि डागाळलेले गर मोजले, निकाल लिहून ठेवले आणि त्यातून आधी माहीत नसलेला निष्कर्ष निघाला, तर हे संशोधन आहे असे म्हणायला आधार मिळतो. बाराही जोड्या फसल्या तरी मिळतो. यशाची अट कायद्यात नाही.

कर अधिकाऱ्याला शंका आली तर? एखादे काम वैज्ञानिक संशोधन आहे की नाही, असा प्रश्न उभा राहिल्यास तो केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळामार्फत विहित प्राधिकाऱ्याकडे पाठवण्याची सोय कलम ३५मध्येच ठेवलेली होती. विज्ञानाचा प्रश्न विज्ञान जाणणाऱ्याने सोडवावा, हा त्यामागचा विचार. पण तिथपर्यंत जायचे, तर दाखवायला कागद लागतो. प्रयोगाचा उद्देश, तारीख, कोणी केला, किती बी वापरले, यंत्रावर कोणते आकडे ठेवले, काय निघाले, हे त्या-त्या दिवशी लिहिलेले हवे. खातेवहीत संशोधनाचे खाते वेगळे हवे. प्रयोगासाठी फोडलेले बी आणि विक्रीसाठी फोडलेले बी यांची सरमिसळ झाली की दावा ढासळतो. एखादा कामगार आठवड्यातले दोन दिवस प्रयोगावर असेल, तर त्याच्या पगाराचा तेवढाच भाग धरावा.

कागदाच्या या आग्रहाला कटू अनुभवांची पार्श्वभूमी आहे. संशोधन संस्थांच्या नावे देणगीचा धनादेश द्यायचा, देणगीवरची भारित वजावट घ्यायची आणि कमिशन कापून उरलेली रोकड परत घ्यायची, असे प्रकार प्राप्तिकर खात्याच्या तपासांत उघड झाले आहेत. ब्रिटनमध्ये लहान कंपन्यांसाठी २००० साली सुरू झालेल्या सवलतीत चुकीचे आणि बनावट दावे इतके वाढले, की ऑगस्ट २०२३पासून प्रत्येक दाव्यासोबत प्रकल्पाची सविस्तर माहिती देणे सक्तीचे झाले. प्रामाणिक छोट्या उद्योजकाने आपल्या प्रयोगाची वही नीट ठेवली, तर या कडकपणाची त्याला भीती नाही.

तरीही वही एकटी पुरणार नाही. बाहेरच्या देशांनी लहान उद्योगांसाठी काय केले, हे पाहिले की आपल्याकडची उणीव ठळक होते. कॅनडात तिथल्या लोकांच्या मालकीच्या छोट्या खासगी कंपन्यांना पात्र संशोधनखर्चावर, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, ३५ टक्के क्रेडिट मिळते आणि कर नसला तरी ते रोख परत मिळते. फ्रान्समध्ये १९८३पासून संशोधनाचे क्रेडिट आहे. दर ३० टक्के, आणि लहान-मध्यम कंपन्यांना ते लगेच परत मागता येते. ऑस्ट्रेलियात वर्षाला २ कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढालीच्या कंपन्यांना परत मिळणाऱ्या क्रेडिटची वेगळी पायरी आहे. अमेरिकेने १९८१ साली क्रेडिट आणले, पण नफा नसलेल्या नव्या कंपन्यांना त्याचा उपयोग होईना. मग २०१५च्या कायद्याने अशा कंपन्यांना हे क्रेडिट कामगारांच्या पगारावर मालकाने भरायच्या करातून वळते करायची मुभा दिली: आधी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत, पुढे पाच लाखांपर्यंत. नफा नसला तरी पगार द्यावाच लागतो, हे ओळखून केलेली ही दुरुस्ती आहे.

भारतातली आकडेवारी पाहिली की या विषयाची निकड कळते. २०२०-२१मध्ये देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. इस्रायल आणि दक्षिण कोरिया ४ टक्क्यांच्या वर आहेत. आपल्याकडे या खर्चातला मोठा वाटा सरकारचा, खासगी उद्योगांचा साधारण ३६ टक्के. जुलै २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी संशोधनासाठी १ लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली, पण तिचा रोख बऱ्यापैकी पुढे गेलेल्या तंत्रज्ञानांना कमी व्याजाचे दीर्घ मुदतीचे पैसे पुरवण्यावर आहे. वाफेची वेळ शोधणारा कारखाना तिथे बसत नाही.

छोट्या कारखान्यात संशोधन होत नाही, असे कोणी म्हणत असेल, तर त्याला चंदगडहून जवळच असलेल्या बेळगावचा इतिहास सांगावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि मग कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. तयार नांगर दोन वर्षे विकले जाईनात. पुढे बेळगावात नगरपालिकेमुळे जागा सोडावी लागली आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर घडवण्याचे ते काम आजच्या व्याख्येत संशोधन आणि विकास ठरण्यासारखे होते. तेव्हा कर-सवलत नव्हती. एका संस्थानिकाचा विश्वास आणि त्याने दिलेले कर्ज होते. प्रत्येक होतकरू कारखानदाराला औंधकर भेटत नाहीत, म्हणून तर सवलतीचा कायदा लागतो.

एकेका काजू कारखान्याला स्वतःची प्रयोगशाळा परवडणार नाही, हेही खरे. यावरचे उत्तर महाराष्ट्राने उसात शोधून दाखवले आहे. साखर कारखान्यांनी एकत्र येऊन १९७५ साली उभी केलेली, पुण्याजवळच्या मांजरीची संस्था आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. उसाच्या जाती, मातीपरीक्षण, गाळपाचे तंत्र, मळीचे उपयोग या सगळ्यावर तिथे काम चालते आणि त्याचा खर्च कारखाने वाटून घेतात. चंदगड, आजरा, गडहिंग्लज आणि घाटाखालचा सिंधुदुर्ग या पट्ट्यातले काजू प्रक्रियादार असेच एकत्र आले, तर ओलावा, उतारा, टरफल-तेल आणि बोंड यांवर काम करणारे सामाईक केंद्र उभे राहू शकते. बियांच्या जातींचे ज्ञान वेंगुर्ल्यात आहे, अन्नप्रक्रियेचे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, रसायनशास्त्राचे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आणि जिल्ह्यात शिवाजी विद्यापीठ आहे. टरफल-तेलातले कार्डनॉल ब्रेकच्या लायनिंगपासून रंगांपर्यंत वापरले जाते. कारखान्याच्या मागे साचणारा हा माल चांगल्या तंत्राने हाताळला तर दुसरे उत्पन्न देतो. राज्याने २०२३-२४च्या अर्थसंकल्पात काजू मंडळाची घोषणा केली आहे. या केंद्राची जबाबदारी त्या मंडळाच्या कामात पहिल्या पानावर असायला हवी.

इथे करकायदा मदत करू शकतो आणि नेमका इथेच तो आखडता हात घेतो. मान्यताप्राप्त संशोधन संस्थेला दिलेली रक्कम जुन्या प्रणालीत वजा होते, नव्या प्रणालीत होत नाही. म्हणजे स्वतःच्या शेडमध्ये प्रयोग करणाऱ्याला वजावट, आणि ज्याला ते परवडत नाही म्हणून वर्गणी काढून एकत्र संशोधन करायचे आहे, त्याला नाही. लहान उद्योगांची गरज याच्या बरोबर उलटी आहे.

कराबाहेरच्या काही सोयी मात्र आजही घेण्यासारख्या आहेत. पेटंट अर्जाची ऑनलाइन फी मोठ्या कंपनीला ८,००० रुपये, तर लहान उद्योगाला आणि स्टार्टअपला १,६०० रुपये आहे. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’ योजनेत भारतीय पेटंट मिळाल्यावर १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च परत मिळतो, आणि इन्क्युबेशनखाली निवड झालेल्या कल्पनेला १५ लाखांपर्यंत मदत होते. कंपनी किंवा एलएलपी म्हणून नोंद झालेल्या, मान्यताप्राप्त स्टार्टअपला दहापैकी सलग तीन वर्षांचा नफा पूर्ण करमुक्त करून घेता येतो; २०२५च्या अर्थसंकल्पाने त्यासाठीची स्थापनेची मुदत २०३०पर्यंत वाढवली. भारतात विकसित आणि नोंद झालेल्या पेटंटच्या रॉयल्टीवर, अटी पाळल्यास, १० टक्के सवलतीचा दर निवडता येतो. बोर्म्याची नवी रचना खरोखर काम करत असेल आणि शेजारचे दहा कारखाने तिच्यासाठी पैसे मोजायला तयार असतील, तर हा दर कागदावर राहत नाही.

दिल्लीकडून मागायचे तर तीन बदल मागावेत. उलाढालीची मर्यादा घालून सूक्ष्म आणि लघुउद्योगांना परत मिळणारे छोटे क्रेडिट द्यावे, मग तो उद्योग कंपनी असो, भागीदारी असो की एकट्या मालकाचा. अनुमानित कर भरणाऱ्यालाही, वेगळी वही ठेवली तर, संशोधनखर्चाची वेगळी वजावट मिळावी. आणि सामाईक संशोधन केंद्राला दिलेली वर्गणी नव्या प्रणालीतही वजा व्हावी. दाव्याची तपासणी दिल्लीऐवजी जिल्ह्यातल्या विद्यापीठाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे सोपवली, तर बॉयलर प्रत्यक्ष पाहून निर्णय देणारा माणूस मिळेल आणि बनावट दावेही लवकर पकडले जातील.

हे बदल होतील तेव्हा होतील. येत्या हंगामाचे बी बॉयलरमध्ये जाण्याआधी चंदगडच्या कारखानदाराला आपल्या सीएला तीन प्रश्न विचारता येतात: आपण अनुमानित कर भरतो का, संशोधनाचे खाते वेगळे उघडता येईल का, आणि या वर्षी घ्यायच्या यंत्रांपैकी कोणते फक्त प्रयोगासाठी ठेवता येईल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर नियमित हिशोबाकडे वळण्याआधी आकडेमोड करूनच निर्णय घ्यावा. कारण एकदा अनुमानित पद्धत सोडली, की पुढची पाच वर्षे तिच्याकडे परतता येत नाही.